दगडावरचा विंचू आणि आकाशातला विंचू

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज सुरुवात एका दुरुस्तीनं करायची आहे. तुमच्यातले काही जण गेल्या वेळच्या माझ्या आकाशदर्शनाच्या व्याख्यानाला होते. शेवटच्या पाच मिनिटांत मी पडद्यावर एका दगडाचं चित्र दाखवलं होतं. त्यावर एक गिधाड आणि खाली एक विंचू. त्याच चित्रावर मी ताऱ्यांच्या रेषा टाकल्या, वृश्चिक आणि धनु रास बरोबर बसवून दाखवली, आणि म्हणालो की तेरा हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं दगडात तारीख कोरून ठेवली आहे. टाळ्या छान पडल्या. घरी जाताना एक मुलगी वडिलांना सांगत होती, ‘बाबा, तेव्हापासून राशी होत्या!’ ते मला ऐकू आलं आणि मी खूष झालो.

नंतर मूळ लेख वाचला. आधी वाचायला हवा होता, ते सोडा. वाचल्यावर लक्षात आलं की त्या मुलीला मी चुकीचं सांगितलं. ती आज इथे आहे की नाही माहीत नाही. नसेल तर ऑनलाइन बघेल अशी आशा आहे.

तर हा दगड. जागेचं नाव गोबेक्ली टेपे. टेपे म्हणजे टेकाड. तुर्कस्तानच्या आग्नेयेला शानलिउर्फा नावाचं शहर आहे, त्याच्या जवळच. १९६३ मध्ये इस्तंबूल आणि शिकागो विद्यापीठांच्या लोकांनी या भागाची पाहणी केली. त्यांना गारगोटीची हत्यारं दिसली, पण वर पडलेले दगडाचे तुकडे त्यांना मध्ययुगीन कबरींचे वाटले, म्हणून ते पुढे गेले. क्लाउस श्मिट हे जर्मन पुरातत्त्वज्ञ तिथे पोचले नव्वदच्या दशकात. १९९५ पासून उत्खनन सुरू झालं आणि २०१४ मध्ये श्मिट वारले तोपर्यंत त्यांनी ते चालवलं. २०१८ मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं.

तिथे काय सापडलं? इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे चुनखडीचे खांब, गोलाकार भिंतींत बसवलेले, आणि मध्ये दोन मोठे. ‘डी’ नावाच्या वर्तुळातले मधले दोन साडेपाच मीटर उंच आहेत, म्हणजे दीड-दोन मजले. त्यांना हात कोरलेत, बोटं कोरलीत, कमरेला पट्टा आहे. आणि काळ? साधारण इ.स.पू. ९५०० ते ८०००. तेव्हा मडकी नव्हती, चाक नव्हतं, गाईगुरं पाळली जात नव्हती. गिझाच्या पिरॅमिडपेक्षा जवळजवळ सात हजार वर्षं आधीची गोष्ट. ही गोष्ट अशीच सांगितली तरी अंगावर काटा येतो. यात भर घालायची गरज का वाटते, हा खरं तर आजचा विषय.

आता आपला दगड, खांब क्रमांक ४३. हाही ‘डी’ वर्तुळातला, कडेच्या भिंतीत बसवलेला. नीट बघूया. सगळ्यात वर पिशव्यांसारखे तीन आकार, वर मूठ असावी तसे, आणि प्रत्येकाशेजारी एक लहानसा प्राणी. त्याखाली ‘व्ही’सारख्या खुणांच्या ओळी आणि लहान चौकटी. मग मोठं गिधाड, एक पंख पसरलेला, पंखाच्या वर एक गोळा. शेजारी आणखी पक्षी, साप. खालच्या भागात मोठा विंचू. आणि अगदी खाली, कोपऱ्यात, एक माणूस. त्याला डोकं नाही, पण लिंग ताठ आहे.

हा माणूस लक्षात ठेवा. मागच्या वेळी मी दाखवलेल्या चित्रात तो कापला गेला होता. मी कापला नव्हता, चित्र तसंच मिळालं होतं. पण माझ्या लक्षातही आलं नाही, हे जास्त वाईट.

२०१७ मध्ये एडिंबरा विद्यापीठातले मार्टिन स्वेटमन आणि डिमिट्रियोस सिक्रिट्सिस यांनी एक शोधनिबंध लिहिला. स्वेटमन अभियांत्रिकी विभागातले. त्यांचं म्हणणं असं की खांबावरचे प्राणी म्हणजे तारकासमूह. विंचू म्हणजे वृश्चिक. गिधाड म्हणजे धनु. पंखावरचा गोळा म्हणजे सूर्य. म्हणजे ‘सर्वात मोठ्या दिवशी सूर्य धनु राशीत होता’ असं दगड सांगतो. हे कधी घडत होतं? गणित केलं तर इ.स.पू. १०,९५० च्या आसपास. त्याच सुमाराला यंगर ड्रायस नावाचा अचानक थंडीचा काळ सुरू झाला, आणि तो धूमकेतूचे तुकडे आदळल्यानं आला असं काही शास्त्रज्ञ मानतात. बरेचसे मानत नाहीत. म्हणजे हा दगड त्या आघाताचं स्मारक. जुळून आलं!

संपातचलन तुम्हाला माहीत आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी सुमारे २५,८०० वर्षांची, त्यामुळे २१ जूनचा सूर्य दर बहात्तर वर्षांत एक अंश सरकतो. ते गणित बरोबरच आहे. गणितात कुणी चूक काढलेली नाही, मीही काढत नाही. पण गणिताच्या आधी एक पायरी आहे. हा गोळा सूर्य आहे हे कोणी सांगितलं? आणि तो मोठ्या दिवसाचाच सूर्य आहे हे कोणी सांगितलं?

कारण बघा. वर्षात चार ठळक दिवस: दोन अयनं, दोन संपात. सूर्य धनु राशीत, एवढंच दगडानं सांगितलं असं मानलं, तर चार तारखा निघतात, एकमेकींपासून साधारण साडेसहा हजार वर्षांच्या अंतरावर. त्यातली एक तारीख आहे आजची. हो, आपल्याच काळाची! डिसेंबरच्या २१-२२ तारखेला, सर्वात लहान दिवशी, खऱ्या आकाशात सूर्य धनूतच असतो. आणि नेमकं हेच २०१५ मध्ये ग्रॅहॅम हॅनकॉक या लेखकानं आपल्या पुस्तकात मांडलं, की हा दगड आपल्या पिढीसाठीचा संदेश आहे. तोच दगड, तेच गिधाड, तीच धनु रास. एकाचं उत्तर तेरा हजार वर्षांपूर्वी, दुसऱ्याचं आत्ता. दोघांमध्ये दगडावरून निवड कशी करायची? करता येत नाही. दगडाबाहेरचं काहीतरी आणावं लागतं. कुणी धूमकेतू आणतो, कुणी येणारा प्रलय आणतो.

आणि धनु रास तरी कुठून आली? धनूतल्या ज्या ठळक ताऱ्यांवर हे गिधाड बसवलंय, त्यांना आजचे इंग्रजी बोलणारे हौशी निरीक्षक ‘टीपॉट’ म्हणतात. चहाची किटली. (हशा) हसताय, पण मी पडद्यावर टाकलेल्या रेषा याच किटलीच्या होत्या. बारा हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याला ते तारे याच रेषांनी जोडलेले दिसले असतील कशावरून?

वांगणीला मी मुलांना आकाशदर्शनाला नेतो तेव्हा नाव न सांगता आधी विचारतो, काय दिसतं? वृश्चिक त्यातल्या त्यात सोपी, शेपटी खरंच दिसते. तरी एका मुलानं सांगितलं, ‘सर, गळ आहे, माशाचा.’ त्याला माहीत नव्हतं की प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशियन लोकांनीही तिथे गळच बघितला, माऊई नावाच्या वीराचा. आपल्याकडे त्याच ताऱ्यांत अनुराधा, ज्येष्ठा आणि मूळ अशी तीन वेगळी नक्षत्रं. बारा राशींची पद्धत नक्षत्रांनंतर, ग्रीक संपर्कातून आपल्याकडे आली. आणि सप्तर्षी? विदर्भातल्या गोंड लोकांचं आकाश मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलं आहे. गोंडांना तिथे ऋषी दिसत नाहीत. चार तारे म्हणजे खाट आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती खाट चोरायला आलेले तीन चोर. हे कळलं कसं? गावात जाऊन, विचारून. गोबेक्ली टेपेला विचारायला कुणी उरलेलं नाही. म्हणून तिथे जास्त जपून बोलायला हवं, आपण बोलतो जास्त मोकळेपणानं.

बरं, विंचू सोडला तर बाकीच्या प्राण्यांचं काय? नेहमीच्या राशिचक्रात गिधाड नाही. मग गिधाडाला धनु द्या. वरच्या पिशवीजवळचा वाकलेला पक्षी म्हणजे मीन. चार पायांचा प्राणी म्हणजे मिथुन. एकदा कुठल्याही प्राण्याला कुठलीही रास देता येते म्हटलं की मग अडतं कुठे? लेखकांनी यावर उत्तर म्हणून संख्याशास्त्र दिलंय. प्राण्यांची तारकासमूहांशी किती जुळणी होते त्याचे क्रमांक लावले, आणि एवढी जुळणी योगायोगानं होण्याची शक्यता कोट्यवधींत एकसुद्धा नाही असं म्हटलं. पण क्रमांक कोणी लावले? त्यांनीच. उत्तर माहीत असताना.

इथे मला नारळीकर सरांची आठवण होते. २००८ च्या सुमाराला जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या, ओळखा कोणती कुठली. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. अचूक उत्तरं सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढीच. निकाल ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. पण निकालापेक्षा मला ती पद्धत सांगायची आहे. उत्तर आधी लिहून, बंद करून ठेवलेलं होतं. पत्रिका वाचणाऱ्याला ते माहीत नव्हतं.

आपल्या घरात पत्रिका कशी वाचतात? मुलाची नोकरी गेली, मग पत्रिका काढली, मग साडेसाती सापडली. सापडतेच. नोकरी लागली असती तर त्याच पत्रिकेत गुरूची दृष्टी सापडली असती. माझ्या आजोबांना मी हे करताना बघितलंय, आणि ते अगदी प्रामाणिक माणूस होते, कुणाकडून पै घेत नसत. फसवणूक नव्हतीच ती. आधी उत्तर आणि मग खुणा, एवढंच. ४३ नंबरच्या खांबाचं वाचन मला याच जातीचं वाटतं. त्यात ग्रहांची फळं नाहीत, गणित संगणकावर केलंय, भाषा खगोलशास्त्राची आहे. पण वाचायची रीत कुंडलीची.

याची खरी चाचणी घ्यायची तर कशी घ्याल? ज्यांनी हा दावा ऐकलेला नाही अशा माणसांना खांबाचं संपूर्ण चित्र द्या, आणि दहा वेगवेगळे तारानकाशे द्या. त्यातला एक लेखकांचा, बाकीचे नऊ आकाशाच्या भलत्याच भागांचे. जुळवा म्हणा. लेखकांचाच नकाशा वारंवार निवडला गेला तर मी माझे शब्द परत घेईन.

ज्यांनी स्वतः तिथे खोदकाम केलं त्यांनी, म्हणजे जेन्स नोट्रॉफ आणि इतरांनी, त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. त्यातले दोन मुद्दे मला महत्त्वाचे वाटतात. एक, ही वर्तुळं छत असलेली असण्याची शक्यता आहे. छताखाली बसून आकाशाचा नकाशा? दुसरा, काळाचा. दगडावरची मानलेली तारीख बांधकामापेक्षा हजार वर्षांहून जास्त जुनी आहे. म्हणजे ही आठवण तोंडी, एवढी अचूक, तितका काळ टिकली असं मानायला लागतं.

मग २०२४ मध्ये स्वेटमन यांचा पुढचा लेख आला. या वेळी ‘व्ही’च्या खुणा. एक खूण म्हणजे एक दिवस, बारा चांद्रमास आणि वरचे अकरा दिवस मिळून ३६५, म्हणजे हे जगातलं सर्वात जुनं पंचांग. ती बातमी माझ्या फोनवर चार वेगवेगळ्या गटांतून आली. एका गटात खाली लिहिलं होतं, ‘आपला अधिकमास तिकडेही!’ आता, बारा चांद्रमास ३५४ दिवसांचे आणि वर अकरा, हे निसर्गात आहेच, कुणालाही सापडेल. पण दगडावरची कुठली खूण मोजायची, कुठली चौकट महिना धरायची, सुरुवात कुठून करायची, हे वाचणारा ठरवतो. माझ्या घरच्या चटईच्या किनारीवर असाच नागमोडी काठ आहे. मी मोजला नाही. मोजला तर काहीतरी निघेल अशी भीती आहे. (हशा)

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. आकाश वाचायच्या घाईत आपण दगड बघत नाही. विंचू, साप, गिधाड, कोल्हा हे प्राणी फक्त या एका खांबावर नाहीत. सिरियातल्या जेर्फ अल अहमरला तळहाताएवढ्या दगडी पाट्यांवर असेच प्राणी कोरलेले सापडलेत. म्हणजे आख्ख्या प्रदेशात ही चित्रांची भाषा चालत होती, मोठ्या खांबावर आणि हातातल्या वस्तूवरही. श्मिट यांनी दाखवलं की एका वर्तुळात सापांचं प्राबल्य, दुसऱ्यात कोल्ह्यांचं, तिसऱ्यात रानडुकरांचं. ही कदाचित वेगवेगळ्या गटांची खूण असेल. आणि कोल्हा! स्वेटमन यांच्याकडे कोल्ह्यालाही आकाशात जागा आहे. पण ‘डी’ वर्तुळातल्या मधल्या एका खांबाच्या पट्ट्याला समोर कोल्ह्याचं कातडं लंगोटासारखं लोंबताना कोरलंय. ते तारकासमूह नेसलेत का?

आता तो बिनडोक्याचा माणूस. आकाशाच्या वाचनात त्याला धूमकेतूनं झालेल्या मृत्यूची खूण म्हटलंय, झालं, संपलं. पण त्याच ठिकाणी मानवी कवट्यांचे तुकडे सापडलेत, त्यांवर मृत्यूनंतर मुद्दाम पाडलेल्या खोल चिरा आहेत. २०१७ मध्येच ते प्रसिद्ध झालं, त्याच वर्षी. बातमी मात्र धूमकेतूची जास्त फिरली. पुढे दोन-अडीच हजार वर्षांनी, तुर्कस्तानातच चाताल्ह्युयूकच्या भिंतींवर गिधाडं आणि बिनडोक्याची माणसं रंगवलेली आहेत. गिधाड, वेगळं केलेलं डोकं, मृत शरीर, हे धागे एकाच प्रदेशात पुन्हा पुन्हा येतात. मग पंखावरचा गोळा सूर्य असेल तसं ते डोकंही असू शकेल, असं सुचवलं गेलंय. मी म्हणत नाही की तेच खरं. पण हे वाचन जमिनीतून निघालेल्या वस्तूंना धरून आहे, उद्या नवी वस्तू निघाली तर ते पडू शकतं. मुंबईकराला गिधाडाचा मृत्यूशी संबंध समजायला तारे लागत नाहीत. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीवर गिधाडं फिरताना बघितलेली माणसं या सभागृहात असतील. आता ती दिसत नाहीत, गुरांना २००६ मधल्या बंदीपर्यंत देत असत त्या डायक्लोफेनॅक औषधानं मेली, तो वेगळा विषय.

पडू शकणारं वाचन म्हणजे काय, तर खुद्द श्मिट यांचंच घ्या. ते म्हणायचे, हे केवळ देवस्थान, इथे कुणी राहत नव्हतं, लोक लांबून यायचे. फार सुंदर कल्पना, जगभर गाजली. त्यांच्यानंतरच्या उत्खननात घरांसारख्या इमारती मिळाल्या, पावसाचं पाणी साठवायच्या सोयी मिळाल्या. तिथल्या संशोधकांनी मग ती कल्पना बदलली. कुणाला अपमान वाटला नाही.

म्हणजे प्राचीन कलेत आकाश नसतंच का? असतं ना. जर्मनीतली नेब्राची तबकडी घ्या. १९९९ मध्ये चोरट्यांनी उकरून काढलेली, आता हाले शहरातल्या संग्रहालयात. कांशाची, सोन्याचा जडाव, काळ सुमारे इ.स.पू. १६००. तिच्यावर चंद्रकोर आहे, ठिपके आहेत, आणि सात ठिपक्यांचा एक घट्ट पुंजका. कुठलीही रेष न ओढता तुम्ही म्हणाल, कृत्तिका. कडेला सोन्याच्या पट्ट्या होत्या, त्यातली एक पडली. पट्टीचा कोन ८२ अंश. त्या अक्षांशावर वर्षभरात सूर्योदयाची जागा क्षितिजावर बरोबर तेवढीच सरकते. हा कोन मोजपट्टीनं मोजलाय, आणि दुसरा कुणी मोजायला गेला तर त्यालाही तोच मिळतो. इथे मी टोपी काढतो.

वेळ होत आला. एक प्रश्न घेतो.

प्रश्न: सर, मग काश्मीरच्या बुर्झाहोमच्या दगडाचं काय? त्यावर दोन सूर्य आहेत, आणि तो ताऱ्याचा स्फोट आहे असं आपल्याच शास्त्रज्ञांनी म्हटलंय.

उत्तर: चांगलं पकडलंत. आणि तेही वाहियांचंच काम आहे, ज्यांचं मी मघाशी कौतुक केलं. दगडावर शिकारी आहेत, हरीण आहे, कुत्रा आहे, वर दोन तेजस्वी गोळे. त्यांनी असं मांडलं की दुसरा गोळा म्हणजे एचबी ९ हा अतिनवतारा, सुपरनोव्हा. याची एक बाजू मला जास्त भक्कम वाटते. त्या स्फोटाचे अवशेष आजही आकाशात आहेत आणि त्याच्या वयाचा अंदाज दगडाकडे न बघता काढता येतो. म्हणजे दगडाबाहेर एक स्वतंत्र साक्षीदार आहे. स्फोटाचा आणि दगडाचा काळ जुळला नाही तर दावा पडेल, हे चांगलंच आहे. पण शिकाऱ्यांना आणि हरणाला एकेक तारकासमूह द्यायला लागलं की मी तिथे तसाच अडखळतो जसा गिधाडापाशी अडखळलो. हरीण हरीणही असू शकतं. शिकारीच्या दिवशी आकाशात काहीतरी विचित्र दिसलं आणि कुणीतरी दोन्ही एकत्र कोरलं, असंही असेल. आपली माणसं आहेत म्हणून माप वेगळं लावता येणार नाही.

आणि हो, मघाशी दाखवलेलं खांबाचं चित्र, खालच्या माणसासकट पूर्ण, आयोजकांकडे ठेवलंय. ज्यांच्याकडे मागच्या वेळचं माझं ते अर्धवट चित्र असेल त्यांनी कृपया ते पुसून हे घ्यावं.